माळ आणि ड्यूटी

वसईत रविवारची घंटा झाली की अख्खी आळी नटूनथटून रस्त्यावर येते. नांदेडला किंवा लातूरला कॅथलिक माणूस मिस्साला निघतो तो गल्लीतून बहुधा एकटाच. २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक होते सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता भरत नाही. आणि त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नगर या बाजूचे. मराठवाड्याच्या वाट्याला फारच थोडे आले. आजूबाजूला हरिपाठ, गुरबाणी, अजान, बुद्धवंदना, आणि त्यात एखाद्या घरातून तिन्हीसांजेला ऐकू येणारं ‘नमो मरिये’. इथल्या श्रद्धेला गर्दीचा टेकू नाही. ती घरात टिकली तर टिकली.

पण घरात टिकते म्हणजे नेमकी कशात टिकते, यावर माझ्या नात्यातल्या दोघींचं कित्येक वर्षं एकमत होत नाही. एक नांदेडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांना सगळे आत्याच म्हणतात. दुसरी त्यांची सख्खी भाची, लातुरात स्टाफ नर्स. दोघी कॅथलिक, दोघी मनापासून श्रद्धाळू. देव आहे की नाही हा त्यांचा वाद नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या या दोघींमध्ये फरक आहे तो सोमवार ते शनिवारचा. आत्यांचा विश्वास नेमावर: रोजची माळ, उपवासकाळातला शुक्रवार, सप्टेंबरची यात्रा. भाचीच्या मते वॉर्डात माणसाशी नीट वागलं की प्रार्थना झाली. दिवाळीच्या सुटीत नांदेडला त्यांचं जे बोलणं झालं, ते इथे मांडतो आहे. मधेमधे मी माझंही म्हणणं घातलं आहे, कारण या विषयात मला तटस्थ राहता येत नाही.

भाची : आत्या, खरं सांगू? माळ हातात घेतली की तिसऱ्या रहस्यापर्यंत माझा डोळा लागतो. नाइट करून आलेल्या माणसानं त्रेपन्न वेळा ‘नमो मरिये’ म्हणायचं, त्यातलं निम्मं झोपेत. देवाला त्यातून काय मिळतं?

आत्या : देवाला काही मिळावं म्हणून कोण म्हणतंय, माय? मला मिळतं म्हणून मी म्हणते. आणि झोप लागली तर लागू दे. लिझ्यूची संत तेरेजा प्रार्थनेत पेंगायची. तिनंच लिहून ठेवलंय, लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापाला सारखंच गोड लागतं.

भाची : तेरेजा मठात होती. तिला घंटा वाजली की उठायचं आणि घंटा वाजली की झोपायचं. माझी घंटा पेशंट वाजवतो. आणि ज्या अर्ध्या तासात मी माळ म्हणणार, त्यात मी पोरीचा अभ्यास घेऊ शकते, सासूबाईंचे पाय चेपू शकते. ती प्रार्थना नाही का?

आत्या : आहे. पण तू तो अर्धा तास मोबाइलवर घालवतेस, बाई. पाय चेपत असतीस तर मी बोललेही नसते.

भाची यावर गप्प राहिली. खरं असावं. पण आत्यांच्या माळेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ती पाहिल्याशिवाय त्यांचं म्हणणं पुरतं कळत नाही. काळ्या लाकडी मण्यांची माळ. मधली तार दोन ठिकाणी तुटलेली, तिथे गोधडी शिवायच्या दोऱ्याने गाठी मारलेल्या. क्रूस बोटांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की त्यावरची ख्रिस्ताची मूर्ती आता दिसत नाही, बोटाला लागते तेवढीच. क्रुसापासून सुरुवात करायची, मग पाच दशकं, प्रत्येक दशकापाशी येशू-मरियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, म्हणजे रहस्य, डोळ्यांपुढे आणायचा: सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यात प्रकाशाची पाच रहस्यं घातली, ती गुरुवारची. आत्या लोह्याहून अहमदपूरकडे जाणाऱ्या एसटीत बसूनही हे सगळं बिनचूक म्हणतात. शेजारच्या सीटवरच्या बाईने एकदा विचारलं, कुणाचं नाव घेताय? आत्या म्हणाल्या, एका माउलीचं. त्या बाईने आपल्या गळ्यातली तुळशीची माळ दाखवली आणि दोघी पुढे आपापला जप करत गेल्या.

भाची : तेच तर. शेजारच्या काकू रोज हरिपाठाचे तेच अभंग म्हणतात, तुम्ही रोज तीच माळ. पाठ झालेल्या गोष्टीत मन कुठं असतं?

आत्या : पाठ झाल्यावरच मन मोकळं होतं. पाढे पाठ नसलेलं पोरगं गणित सोडवत बसतं का? पाढेच आठवत बसतं. मी जन्मभर शाळेत हेच पाहिलंय. आणि दुसरं ऐक. माझ्या आईला मिस्सातलं अक्षर कळायचं नाही. सगळं लॅटिनमध्ये, फादरची पाठ लोकांकडे. ती बिचारी मागं बसून काय करायची? माळ ओढायची. माळ मराठीत होती. देवाशी बोलायला तिच्याकडं तिच्या भाषेतलं तेवढंच होतं. तू त्याला पाठांतर म्हणतेस.

आत्यांच्या या मुद्द्यापुढे मला मान तुकवावी लागली. मिस्सा मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. उपासनेत लोकभाषेला जागा देणारा दस्तऐवज डिसेंबर १९६३ मधला. त्याआधी खेड्यापाड्यांतल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या हाती श्रद्धेचं जे काही होतं ते माळ, गाणी आणि गोष्टी एवढंच. खरं तर हे फादर थॉमस स्टीफन्सना साडेतीनशे वर्षं आधी उमगलं होतं. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेजुइटाने बायबलातली कथा ओवीत बांधली, कारण इथला माणूस देव कानांनी ऐकतो हे त्याने हेरलं होतं. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवर बंदीचा हुकूम काढला, तरी पुराण लोकांच्या तोंडी राहिलं. ज्यांच्या हाती पुस्तक नव्हतं त्यांनी श्रद्धा पाठांतरावर जगवली, आणि ते पाठांतर हलकं होतं असं मला कधीच वाटलेलं नाही.

भाचीनं मात्र दुसरीकडून गाठलं.

भाची : बरं, मग आपल्याच संताचं बोलू. संभाजीनगरचं कॅथेड्रल कुणाच्या नावाचं?

आत्या : संत फ्रान्सिस डी सेल्स.

भाची : त्यांनी काय लिहिलंय? बिशपनं रानातल्या संन्याशासारखं राहू नये, आणि कारागिरानं मठातल्या माणसासारखं दिवसभर चर्चमध्ये बसू नये. ज्याची त्याची भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला शोभणारी असावी, आणि जी भक्ती आपलं नेमून दिलेलं काम बिघडवते ती खोटी. हे मी नाही, त्यांनी म्हटलंय.

आत्या : म्हटलंय. आणि त्याच पुस्तकात पुढं रोज एक तास ध्यान कर, शक्यतो सकाळी, असंही म्हटलंय. ते पान तू उलटलं नाहीस वाटतं.

इथे दोघींच्याही वाचनाचं मला कौतुक वाटलं. या संताचा आणि मराठवाड्याचा धागा जुना आहे. फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा कॅल्व्हिनच्या अनुयायांकडे असल्यामुळे त्यांचं आयुष्य गेलं अ‍ॅनसी गावात. संसारी माणसालाही संत होता येतं हे ठासून सांगणारं त्यांचं पुस्तक १६०९ मध्ये आलं. फिलोथिआ नावाच्या स्त्रीला उद्देशून ते लिहिलेलं आहे, आणि तिच्यामागे खरी एक विवाहित, प्रपंचातली बाई होती. त्याच अ‍ॅनसीत १८३८ मध्ये त्यांच्या नावाचा मिशनरी संघ निघाला. त्या संघाचे फ्रेंच धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या मुलखात, घोगरगाव परिसरात येऊन राहिले. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला. नांदेड, लातूर त्यातच येतात. म्हणजे या दोघी ज्यावरून भांडत होत्या तो प्रश्न त्यांच्या श्रद्धेबरोबर त्या फ्रेंच फादरांच्या सामानातूनच इथे आला, असं म्हणायला हरकत नाही.

भाचीकडे अजून एक हुकमाचं पान होतं.

भाची : उलटलंय, आत्या. आणि त्याच भागात पुढं एक प्रकरण आहे, छोट्या-छोट्या प्रार्थनांचं. काम करता करता मनातल्या मनात एक वाक्य देवाकडं टाकायचं. ते म्हणतात, बाकीच्या प्रार्थना राहिल्या तर हिनं भरून निघतं, पण ही राहिली तर दुसऱ्या कशानं भरून निघणं कठीण. मी सुई टोचण्याआधी ‘येशू, हात स्थिर ठेव’ म्हणते. प्रत्येक वेळी. वॉर्डात म्हाताऱ्या माणसांच्या शिरा सापडत नाहीत, आत्या. दोरीसारख्या सरकतात. अंगठ्यानं कातडी ताणून धरायची, श्वास रोखायचा आणि ते वाक्य म्हणायचं. ती माझी माळ.

आत्या : चांगली आहे. कुणी शिकवली?

भाची : कुणी नाही. आपोआप.

आत्या : आपोआप काही येत नसतं.

भक्ती कामात की कामाबाहेर, हा प्रश्न मराठवाड्याला ख्रिस्ती लोकांनी शिकवलेला नाही. तो इथल्या मातीतच आहे, आणि दोघींनी तो तिथूनच उचलला.

भाची : आपल्या आजूबाजूचे संत बघा. सावता माळी पंढरपूरला न जाता मळ्यातच राहिले आणि विठोबा मळ्यात आला, असं काकू सांगतात. आणि तेरचे गोरोबाकाका? भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवत होते आणि स्वतःचं लेकरू पायाखाली आलेलं कळलं नाही. ती गोष्ट मला लहानपणापासून सहन होत नाही. मी नर्स आहे. पायाखाली लेकरू आलंय हे कळत नसेल तर ते भजन मला नको.

आत्या : मलाही ती गोष्ट जड जाते. त्यातला चमत्कार सांगून मी तुझी समजूत घालणार नाही. पण तू जनाबाईला विसरलीस. ती तर गंगाखेडची, आपल्या वाटेवरची. दळण, कांडण, शेण, पाणी, दिवसभर दुसऱ्याच्या घरचं काम. आणि तोंडात नाव. तिनं जातं थांबवून देवाचं केलं नाही, आणि देवाला थांबवून जातंही ओढलं नाही. मी फक्त एवढंच म्हणते, की दळताना गाणं तोंडात यायला ते आधी कुठंतरी बसून शिकावं लागतं. नामदेवाच्या घरी ती रोज ऐकत होती म्हणून आलं.

कॅथलिक घरात जनाबाईचा दाखला दिला गेला याचं कुणाला नवल वाटेल. मला वाटलं नाही. जानेवारी २०२० मध्ये त्याच गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात, उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे. एका धर्मगुरूला हा मान का, म्हणून विरोधही झाला. तब्येत साथ देत नव्हती तरी फादर आले. आत्या नांदेडहून एसटीने गेल्या होत्या, मांडवात मागे बसल्या होत्या. फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले. मराठी बोलत, मराठी संतांच्या सोबतीने ख्रिस्ताकडे जाता येतं हे ज्यांनी आयुष्यभर जगून दाखवलं, त्यांच्यात मी त्यांना पहिल्या रांगेत धरतो.

बोलणं मग नवसावर आलं. तिथे मात्र भाचीचा आवाज चढला. सप्टेंबरमध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. आठ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. नगर, नाशिक, मराठवाडा इथून लोक येतात, कितीतरी पायी. ख्रिस्ती नसलेलेही येतात. आत्यांची ती यात्रा सहसा चुकत नाही.

भाची : जा तुम्ही यात्रेला, माझं काही नाही. पण नवस? ‘पोराला नोकरी लागू दे, मेणबत्ती लावीन.’ हा देवाशी केलेला सौदा झाला. आमच्याकडं असे लोक येतात, नवस बोललाय म्हणून औषध अर्ध्यात सोडलेले. टीबीची औषधं सहा महिने चुकू न देता घ्यायची असतात. मधेच सोडली तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. मग ती मेणबत्ती कुणासाठी पेटली?

आत्या : औषध सोडायला माउली सांगत नाही. सोडणाऱ्याला मीही चार शब्द सुनावते. पण तुला नवस बोलणारी बाई दिसत नाही, बाई. तुला सौदाच दिसतो. जिच्या हातात काही नाही, पैसा नाही, ओळख नाही, शब्द टाकायला कुणी नाही, ती कुणापाशी बोलणार? ती म्हणते, माउली, एवढं कर, मी येईन. ‘मी येईन’ एवढंच तिच्याजवळ द्यायला असतं. आणि काम झालं नाही तरी पुष्कळ जणी येतात. ते तू पाहिलंस का?

भाची : नाही पाहिलं.

आत्या : मग एकदा चल.

या एका मुद्द्यावर माझं मन भाचीच्या बाजूला झुकतं. नवसामागचं दुःख खरं आहे, आत्या म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. पण दुःख खरं म्हणून त्यावरचा उपाय खरा ठरत नाही. भीतीतून बोललेला नवस फेडेपर्यंत माणूस घाबरलेलाच राहतो, आणि फेडायचा राहिला तर पुढचं प्रत्येक आजारपण त्याच्या खात्यावर मांडतो. हे मी घरोघर पाहिलं आहे. धर्मगुरूंनी यात्रेच्या व्यासपीठावरून औषधाचं आणि नवसाचं स्पष्ट बोलावं, दर वर्षी बोलावं. गर्दी जमलेलीच असते.

किल्लारीचा विषय भाचीनं काढला. लातूरचं माणूस कधी ना कधी तिथे येतंच.

भाची : तीस सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. मी शाळेत होते तेव्हा. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी फळ्यांवर फूटभर माती टाकलेली माळवदं, सगळं अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही, तू कोणत्या देवाचा. ज्यांनी हातांनी दगड उचलले, प्रेतं ओढली, रक्त दिलं, त्यांची पूजा झाली असं मी मानते. मी नर्स झाले ती त्या दिवसांमुळं. माळेमुळं नाही.

आत्या : मला माहितेय. तुझी आई सांगायची. (थोडं थांबून) पण लोकांचे ट्रक महिन्याभरात परत गेले. गावं नवी बसली, रस्ते आखले, घरांना नंबर पडले. ते सगळं व्हायलाच हवं होतं. मेलेल्यांचं काय? आपल्यात दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो. लोक आपापल्या माणसांची नावं फादरकडं देतात. मी तेव्हापासून दर वर्षी आमच्या घरच्यांची नावं देते आणि शेवटी लिहिते, ‘किल्लारी आणि बावन्न गावं’. त्यात कोण ख्रिस्ती होतं? बहुतेक कुणीच नाही. पण त्यांची आठवण काढायला वर्षातला एक दिवस ठरलेला आहे म्हणून माझ्याकडून ती होते. ठरलेला नसता तर मीही विसरले असते. माणूस वाईट नसतो, विसराळू असतो.

भाची : हे मला कधी सांगितलं नाहीत.

आत्या : सांगण्यासारखं काय त्यात. चिठ्ठी तर असते.

त्या चिठ्ठीने मला स्वतःला हलवलं. नेमाविषयी मी पुष्कळ वाचलं आहे, पण नेम हा दुसऱ्याच्या मृतांसाठीही जागा राखून ठेवू शकतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच वेळी भाचीची बाजू हलकी होते असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधीच पाणवठ्यांवर जमावबंदी लावायची पाळी आली होती. उपवासकाळ नुकताच संपला होता. त्या वर्षी ईस्टर होता २७ मार्चला. तेव्हा भाचीच्या बिल्डिंगमध्ये टँकर आला की ती आधी वरच्या मजल्यावरच्या एकट्या म्हातारीच्या घागरी भरायची, मग आपल्या. तिला हे नेमाने करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याशी श्रद्धेचा संबंध जोडणारी मोठी माणसंही आपल्याच भागात होऊन गेली: स्वित्झर्लंडहून आलेले जेजुइट फादर हर्मन बाखर. नगरच्या दुष्काळी गावांमध्ये त्यांनी पाणलोटाच्या कामाला सगळं आयुष्य दिलं. डोंगरउतारावर चर खणणाऱ्या गावकऱ्यांसाठी ते बाखरबाबा होते.

एका मुद्द्यावर दोघी भांडल्या नाहीत.

भाची : धर्म ही खासगी गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यानं फॉर्म भरलेला नसतो. जात कोणती, धर्म कोणता, आणि दोन्ही खरं लिहिलं की सवलत गेली.

आत्या : आमच्या दादांनी खरं लिहिलं. भावाची फी त्यानंतर दादांनी वीटभट्टीवर काम करून भरली.

याला पुरवणी म्हणून एवढंच: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने यावर आयोग नेमला. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने विहिरीवर वेगळी वागणूक दिली असं कुठे झालं? वागणूक तीच राहिली, सवलत तेवढी गेली. हा अन्याय आहे. आणि चर्चनेही आपल्या घरात जात किती शिल्लक आहे हे न लाजता पाहायला हवं. रोजच्या जगण्यातली श्रद्धा म्हणतात ती इथेही तपासली जाते.

शेवटी कोविडचं निघालं. मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या पावसात भिजणाऱ्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते, ते आत्यांनी मोबाइलवर पाहिलं. ईस्टर १२ एप्रिलला आला आणि मिस्साविना गेला. मग पहिली लाट आली.

भाची : तुम्हाला सांगितलं नव्हतं. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास. आत काही नेता येत नाही, घशाला कोरड, गॉगलवर वाफ. दुहेरी हातमोजे. रात्री तीन-चारच्या सुमाराला एखाद्याचा ऑक्सिजन उतरायला लागायचा, डॉक्टर येईपर्यंत त्याला पालथं करून झोपवायचं, पाठीवर हात ठेवून उभं राहायचं. तेव्हा मी बोटांवर मोजत ‘नमो मरिये’ म्हणायचे. दहा बोटं, एक दशक. परत पहिल्यापासून. किती वेळा, माहीत नाही.

आत्या : मग माळेला वेळ नाही म्हणतेस ते?

भाची : तो नेम नव्हता, आत्या. ती गरज होती.

आत्या : गरजेच्या वेळी तोंडात तेच कसं आलं?

भाची : तुम्ही लहानपणी म्हणवून घेतलं म्हणून. मान्य. पण तुम्हीही एक मान्य करा. मला फक्त माळ येत असती आणि ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा हे येत नसतं, तर तो माणूस गेला असता. आणि माझी प्रार्थनाही त्याच्यासोबत गेली असती.

आत्या : मान्य. तुझ्या हाताला देवानंच ते शिकवलं, असं मी म्हणेन. तू म्हणशील नर्सिंग कॉलेजनं.

भाची : दोघांनी.

आत्यांना हे ‘दोघांनी’ पटलं की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. त्या उठून चहा ठेवायला गेल्या. भाचीची मुलगी दुसऱ्या खोलीत टीव्ही पाहत होती. आठ वर्षांची आहे, यंदा तिचा प्रथम ख्रिस्तप्रसाद. तिला प्रार्थना शिकवायच्या कुणी, हा प्रश्न गेले सहा महिने घरात घोळतो आहे. लातूरला सिस्टर शिकवतात, पण रविवारच्या तासाभरात काय होणार? श्रद्धा पुढे जाते ती अशा घरगुती व्यवस्थांमधून. मराठवाड्यात तर दुसरी वाटच नाही. म्हणून पुढचं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

भाची : मे महिन्यात तिला तुमच्याकडं पाठवते. माळ शिकवा.

आत्या : तू म्हणतेस? पाठवच.

भाची : पण माझी एक अट. तुम्ही सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये ताटं घासायला जाता ना, तिथं तिलाही न्यायचं. आधी ताटं, मग माळ.

आत्या : नेईन की. दर आठवड्याला जातेच मी. पण आधी माळ. सकाळी, तोंड धुतल्यावर.

भाची : आत्या, आधी ताटं. तिला आधी कळू दे की देव दुसऱ्याच्या उष्ट्या ताटापाशी असतो. मग मणी मोजू दे.

आत्या : ताटापाशी देव असतो हे तिला सांगणार कोण? मणीच सांगणार.

भाची : बरं, ते तुमचं तुम्ही बघा. फक्त तिनं विचारलं की एवढ्या वेळा तेच तेच का म्हणायचं, तर तिला रागावू नका.

आत्या : तूही हेच विचारायचीस. तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं?

भाची : ‘मोठी झालीस की कळेल.’

आत्या : ते काही उत्तर नव्हे. मे लागायला अजून वेळ आहे. बघते काही नीट सांगता येतंय का.